मेंदूचं मशीन आणि घरातले बेचाळीस तास

पुण्यात मेंदूवर लावायचं एक मशीन आलंय, पंधरा दिवस लावलं की पोराचा आखडलेला हात सुटतो, अशी बातमी नारायणगावच्या बाजारात किंवा मंचरच्या दवाखान्यातल्या बाकावर कधीतरी कानावर पडते. त्या रात्री घरात हिशेब सुरू होतो. खर्च किती, पुण्यात कुणाकडे राहायचं, टोमॅटोची तोडणी कोण बघणार, धाकटीला कुणाकडे ठेवायचं? जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या ज्या घरात सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल आहे, त्या घराला हा हिशेब नीट मांडता यावा म्हणून हे लिहितो आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. मशीन खोटं नाही. त्यावर जगात गंभीर संशोधन झालेलं आहे आणि चालू आहे. पण ते एकट्यानं हात सुधारत नाही. हात सुधारतो तो वापरून, आणि तेही तासन्‌तास वापरून. हातातला पैसा आणि वेळ आधी त्या वापरावर घाला. मशीनचा विचार नंतर केला तरी बिघडत नाही.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदू घडत असताना, आईच्या पोटात, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतरच्या कोवळ्या काळात, त्याला झालेली इजा. ही इजा वाढत जात नाही, पण हालचालींवरचा तिचा परिणाम आयुष्यभर राहतो. काही मुलांचे चारही हातपाय जखडतात, काहींचे मुख्यतः पाय, तर काहींची शरीराची एकच बाजू, म्हणजे एक हात आणि एक पाय. या शेवटच्या प्रकाराला हेमिप्लेजिया म्हणतात आणि मेंदूच्या उत्तेजनाचं, म्हणजे या मशीनचं, बरंचसं संशोधन याच मुलांवर झालेलं आहे. तुमच्या मुलाचे दोन्ही हात जखडलेले असतील तर मशीनबद्दल जे ऐकलं, ते बहुधा त्याच्यासाठी नव्हतंच. हे कुणी सांगत नाही, म्हणून आधी सांगितलं.

हेमिप्लेजिया आपल्याकडे उशिरा लक्षात येतो, कारण मूल हसतं, बोलतं, बहुतेक वेळा चालायलाही लागतं. सात-आठ महिन्यांचं बाळ खुळखुळ्याकडे दर वेळी एकच हात नेतं आणि आजी कौतुकानं म्हणते, डावरा निघाला. पण पहिल्या वर्षात बाळ दोन्ही हात साधारण सारखेच वापरतं. एवढ्या लवकर एकाच हाताची आवड दिसली, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच राहिली, अंगठा तळहातात दुमडलेला दिसला, किंवा रांगताना एक बाजू ओढली जात असेल, तर कौतुक बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञ गाठा. तज्ज्ञ डॉक्टरांना आता बाळ पाच-सहा महिन्यांचं असतानाच बरंचसं सांगता येतं. ‘दोन वर्षांचा होऊ दे, मग बघू’ हा सल्ला जुना झाला.

आता मशीनकडे वळू. गावाकडे त्याला सरसकट ‘मेंदूला करंट देणं’ म्हणतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक टीएमएस. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथम दाखवलं. तारेची कॉइल डोक्याजवळ धरतात, तिच्यातून चुंबकीय स्पंदनं सोडतात, आणि कवटीच्या आत मेंदूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो. कॉइल नेमक्या जागी असेल तर अंगठा आपोआप उडतो. टकटक असा मोठा आवाज होतो म्हणून कानांत बोळे घालतात. दुसरं टीडीसीएस. यात ओल्या स्पंजचे दोन इलेक्ट्रोड डोक्यावर बांधून एक-दोन मिलिअँपिअरचा अगदी मंद प्रवाह साधारण वीस मिनिटं सोडतात; थोडी खाज सुटते, कातडी लालसर होते. दोन्हींत चिरफाड नाही, भूल नाही, आणि सिनेमात दाखवतात तो शॉक तर अजिबात नाही.

यामागची कल्पना अशी. मेंदूचे दोन्ही अर्धे एकमेकांना सतत आवरून धरतात. एका अर्ध्याला इजा झाली की निरोगी अर्धा वरचढ होतो आणि दुखावलेल्याला आणखी दाबतो, असं मानतात. म्हणून निरोगी बाजूवर मंद गतीनं टीएमएस देऊन तिला जरा शांत करायचं, म्हणजे दुखावलेल्या बाजूला डोकं वर काढायला वाव मिळतो. कॅनडातल्या कॅल्गरीच्या ॲडम कर्टन यांच्या गटानं हेच तपासलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत जन्माच्या सुमारास मेंदूचा झटका येऊन एक बाजू कमजोर झालेली, ६ ते १९ वर्षांची ४५ मुलं होती. दोन आठवड्यांचं शिबिर होतं. काहींना खरं टीएमएस, काहींना नुसता आभास. काहींचा चांगला हात बांधून ठेवलेला, काहींचा मोकळा. टीएमएस किंवा हात बांधणं किंवा दोन्ही मिळालेल्या मुलांत ठळक सुधारणेची शक्यता सुमारे दुप्पट झाली.

बातमी इथंच संपते. पण आई-बापांनी वाचायची ओळ पुढची आहे. त्या शिबिरातल्या प्रत्येक मुलाला, कोणत्याही गटात असो, रोज कित्येक तास हाताचा कसून सराव करायला लावला होता, आणि मुलांनी स्वतः ठरवलेल्या कामांत सगळ्याच गटांची प्रगती झाली. ज्यांना ना खरं मशीन मिळालं, ना हात बांधला, त्यांचीसुद्धा! पुढं २०१७ साली याच गटानं २४ मुलांवर टीडीसीएस तपासलं. हाताच्या मोजमापात खऱ्या आणि आभासी प्रवाहात फरक दिसला नाही. मुलांच्या स्वतःच्या उद्दिष्टांत मात्र खऱ्या प्रवाहाच्या गटाला थोडं जास्त यश वाटलं. म्हणजे सगळीकडे सराव हा पाया आणि मशीन ही वरची भर. शेतकऱ्याला सांगायचं तर मशीन फार तर वाफसा आणतं. वाफशावर पेरलंच नाही तर रान तसंच पडून राहणार.

आणखी एक अडचण आहे आणि ती फसवी आहे. जन्माआधी इजा झालेल्या काही मुलांत मेंदू स्वतःच वाट काढतो: कमजोर हाताची सूत्रं निरोगी अर्ध्याकडेच राहतात. अशा मुलाचा निरोगी अर्धा ‘शांत’ करायला जाणं म्हणजे ज्या तारेवर हात चालतो तीच ढिली करणं ठरू शकतं. म्हणून जाणकार केंद्रात उपचाराआधी टीएमएसनंच तपासून बघतात की हा हात मेंदूच्या कोणत्या बाजूनं हलतो. सगळ्या मुलांना एकच जागा आणि एकच सेटिंग लावणाऱ्या दवाखान्यातून सरळ उठून यावं, असं माझं मत आहे.

तरीही जायचं ठरलं तर पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारा, आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या. माझ्या मुलाचा एमआरआय बघून तुम्ही जागा ठरवली का? मशीननंतर लगेच हाताचा सराव कोण घेणार, किती वेळ? हा संशोधनाचा भाग आहे की नेहमीचा उपचार? संशोधन असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आणि तुमचं संमतीपत्र हवं, आणि उपचाराचे पैसे तुमच्याकडून घेता कामा नयेत. मुलाला कधी फिट आली असेल तर ते लपवू नका. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तीनातल्या एका मुलाला फिट येतात आणि टीएमएसमुळे क्वचित का होईना, फिट येऊ शकते. डोक्यात शंट, कानात कॉक्लिअर इम्प्लांट किंवा कुठलाही धातू असेल तर तेही आधी सांगायचं. अमेरिकेत २००८ साली टीएमएसला मान्यता मिळाली ती मोठ्यांच्या नैराश्यासाठी. मुलांच्या आखडलेल्या हातासाठी नव्हे. ‘मान्यताप्राप्त मशीन’ असं कुणी म्हणालं तर कशासाठी मान्यताप्राप्त, हे विचारायला लाजू नका. आणि स्टेम सेलची जाहिरात दिसली तर तिथं विचारण्यातही वेळ घालवू नका. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ठरावीक रक्तविकार वगळता स्टेम सेलचा वापर मंजूर चाचणीबाहेर करताच येत नाही.

तासांचं गणित

आपल्या मुलखात खरी अडचण अंतराची आहे. नारायणगावहून पुणं सुमारे ७५ किलोमीटर. आहुपे किंवा घाटघरच्या माणसाला तर नारायणगाव-मंचर गाठणं हाच एक प्रवास. समजा, तुम्ही नेटानं दर आठवड्याला पुण्याला थेरपीला गेलात. पाऊण तासाची एक बैठक, एकही आठवडा न चुकता वर्षभर. ते होतात ३९ तास, आणि त्यासाठी बावन्न दिवसांचं काम बुडतं. त्याउलट घरी रोज एक तास, सलग सहा आठवडे. ते होतात ४२.

हा आकडा मी उगाच काढला नाही. हाताच्या थेरपीच्या मात्रेवर जे अभ्यास झालेत त्यांचा सूर असा आहे, की एखादं ठरावीक काम जमायला साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो आणि एकूण हात सुधारायला ३० ते ४० तास. आणि हे तास वर्षभर पसरून देण्यापेक्षा थोड्या आठवड्यांत एकवटून दिलेले बरे. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक यांच्या २००९ च्या अभ्यासात तर आई-वडिलांनी घरी आठ आठवडे सरासरी महिन्यातून सतरा-अठरा वेळा, दर वेळी सोळा-सतरा मिनिटं सराव घेतला आणि तेवढ्यानंही मुलांची कामं सुधारली. अर्थात त्या आई-वडिलांना काय करायचं ते थेरपिस्टनं नीट शिकवलं होतं. पुण्याची खेप त्यासाठीच वापरा. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून उद्दिष्ट ठरवून घ्या, घरचा कार्यक्रम लिहून घ्या, त्यांनी हात कसा धरला याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जा. थेरपिस्ट मुलाला टेबलावर झोपवून हातपाय ताणून परत देत असेल आणि तुम्हाला बाहेर बसवत असेल, तर थेरपिस्ट बदला.

मालिशबद्दलही सांगितलं पाहिजे. तेल चोळण्यानं मुलाला बरं वाटतं, झोप लागते, खुशाल करा. पण मालिश करताना मूल काहीच करत नसतं, आणि दुसऱ्यानं हलवलेला हात मेंदू शिकत नाही. नुसत्या ताणण्यालाही हेच लागू. बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं असेल तर स्नायू साधारण तीन-चार महिने सैल राहतो. ते महिने सरावाशिवाय गेले तर इंजेक्शन फुकट गेलं.

सरावाच्या दोन पद्धती जगभर कसाला उतरल्या आहेत. पहिलीत चांगला हात काही वेळ बाजूला ठेवायचा, म्हणजे कमजोर हाताला काम करावंच लागतं. एडवर्ड टॉब या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या माकडांवरच्या प्रयोगांतून ही पद्धत आली. बधिर केलेला हात माकडं वापरायचंच सोडून देत, पण चांगला बांधला की तोच हात कामाला लागे. मुलांसाठी तिचं सौम्य रूप वापरतात. घरी चांगल्या हातावर मोज्याची बाहुली चढवा, तिला नाव द्या, आणि ती बाहुली झोपली आहे असं सांगून दुसऱ्या हातानं खेळ मांडा. लहानग्याला अर्धा तास पुरे. मात्र प्लास्टर घालणं, दोरीनं बांधणं, दिवसभर अडकवून ठेवणं हे घरच्या घरी करायचं नाही. चालताना, पायऱ्या चढताना, विहिरीच्या किंवा चुलीच्या आसपास हात मोकळाच हवा. मूल रडायला लागलं तर बाहुली जागी झाली असं म्हणून काढून टाका.

दुसऱ्या पद्धतीत दोन्ही हात एकत्र कामाला लावतात. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँड्र्यू गॉर्डन यांच्या गटानं ती बांधली. दोन्ही पद्धती समान तास दिल्या तर फायदा जवळपास सारखाच होतो, असं तुलना करणाऱ्या अभ्यासांत दिसलं. मला आपल्याकडच्या घरांसाठी ही दुसरी जास्त पटते, कारण शेतकऱ्याच्या घरातली निम्मी कामं दोन हातांचीच असतात आणि त्यासाठी खेळणी विकत आणावी लागत नाहीत.

काम कोणतं द्यायचं

आधी एक गोष्ट मनातून काढा: कमजोर हात चांगल्या हातासारखा होणार नाही. त्याला ‘धरणारा’ हात बनवायचंय. ‘करणारा’ हात दुसरा आहेच. लिहिणारा, घास घेणारा हात बदलायचा हट्ट धरू नका. कमजोर हातानं वही दाबून धरली, ताटली सरकू दिली नाही, बाटली धरली आणि चांगल्यानं झाकण उघडलं, की मोठं काम झालं.

पकड मोठ्या वस्तूकडून लहानकडे न्या. सातगाव पठाराचा मोठा बटाटा टोपलीतून टोपलीत टाकण्यापासून सुरुवात करा. तो जमला की कांदा, मग लिंबू, मग चिंचोका. पश्चिम पट्ट्यातल्या घरांत हिरडा वाळत घातलेला असतो. वाळलेला हिरडा निवडणं हा अंगठा आणि बोटांच्या चिमटीचा सुंदर सराव आहे. मटार सोलायला एक हात शेंग धरतो, दुसरा चिरतो. झेंडूची माळ ओवताना कमजोर हातात फूल आणि चांगल्यात सुई. लहान मुलाला सुईऐवजी बोथट काडी द्या. कणकेचा गोळा दोन्ही हातांनी दाबणं, लाटणं दोन्हीकडून धरणं, रिकामा क्रेट उचलून ओट्यावर ठेवणं, कपडे वाळत घालणं, बादलीत फडकं पिळणं. शेंगदाणे, चिंचोके, हिरडा यांसारख्या बारीक वस्तू पाच वर्षांच्या आतल्या मुलाजवळ एकटं सोडून ठेवू नका. या मुलांत गिळण्याचा त्रास बरेचदा असतो आणि घशात अडकायला वेळ लागत नाही.

काम असं निवडा, की दहा वेळा केलं तर सहा-सात वेळा जमेल. दर वेळी जमलं तर सोपं झालं, जरा वाढवा. एकदाही जमत नसेल तर मूल हात मागं घेईल आणि ते बरोबरच करेल. तुम्ही त्याचा हात धरून करवून घेऊ नका. थांबा. एका बटणाला तीन मिनिटं लागली तर लागू देत. हे सगळ्यांत अवघड जातं ते आजीला, कारण तिला भरवायचं असतं. तिला सरळ ‘भरवू नका’ म्हणण्यापेक्षा तिच्याकडेच सरावाची जबाबदारी द्या. घरात दिवसभर थांबणारी तीच असते, आणि तिच्याइतका धीर आपल्यात नाही.

उद्दिष्ट मात्र मुलाचं हवं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला विचारलं तर ते नेमकं सांगतं: दप्तराची चेन लावायची, सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरायचं, क्रिकेटची बॅट, स्वतःची वेणी. एका वेळी दोन-तीनच घ्या. सुरुवातीला तेच काम करतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि सहा आठवड्यांनी तसाच पुन्हा काढा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, व्हिडिओत दिसतो. दिसला नाही तर काम बदला.

ज्यांचे दोन्ही हात खूप जखडले आहेत त्यांच्यासाठी हा तासांचा हिशेब लागू नाही. तिथं नीट बसवणारी खुर्ची, जाड केलेल्या दांड्याचा चमचा, बोलण्यासाठी चित्रांचा तक्ता यांचं मोल जास्त. शिवाय खुब्याचा सांधा सरकतोय का हे ठरावीक अंतरानं एक्स-रे काढून बघावं लागतं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कुठं जायचं

सुरुवात अंगणवाडीपासून करा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत तपासणीला येतं. येण्याचा दिवस आशाताईंना विचारून ठेवा आणि शंका स्वतःहून सांगा, कारण घाईच्या तपासणीत एका हाताचा कमकुवतपणा सहज निसटतो. भीमाशंकर किंवा विघ्नहर कारखान्याच्या ऊसतोडीला बाहेरून आलेल्या कुटुंबाचं असं मूल फडावर दिसलं तर त्यांनाही हे सांगा. तपासणीचा हक्क त्यांच्या मुलालाही तेवढाच आहे. पथक पुढं जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. आपल्या जिल्ह्यासाठी ते औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे. मोठ्या तपासण्यांसाठी ससून आहेच.

कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, पहिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचं नाव स्पष्टपणे आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. एसटीचं भाडं ७५ टक्के कमी होतं, म्हणजे पुण्याच्या खेपांचा भार उतरतो. नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सीसाठी आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही मोडतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत त्या पैशांतून मुलासाठी योग्य खुर्ची किंवा साहित्य मागता येतं. मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

शाळेत गटसाधन केंद्राचे विशेष शिक्षक येतात का, ते मुख्याध्यापकांना विचारा. गुरुजींना एवढंच सांगा: वही सरकू नये म्हणून चिकटपट्टी चालेल, लिहायला जादा वेळ द्या, आणि फळा पुसणं, वह्या वाटणं अशी दोन हातांची कामं याला मुद्दाम द्या. आश्रमशाळेत मूल राहत असेल तर हे अधीक्षकांनाही सांगावं लागेल, कारण तिथं कपडे, आंघोळ, ताट या सगळ्या वेळा त्यांच्या हातात असतात.

पुण्याला जाताना पिशवीत एमआरआयची फिल्म किंवा सीडी ठेवा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. सोबत जन्माच्या वेळचा डिस्चार्ज कागद, फिटच्या गोळ्यांची नावं, आणि मोबाइलमध्ये मूल घरी हात कसा वापरतं याचे दोन-तीन व्हिडिओ. अनोळखी खोलीत मूल घाबरून हात पोटाशी घेतं आणि डॉक्टरांना वाटतं, याला काहीच जमत नाही.